फिरणारी पाटी

दादरला रानडे रोडवर एका भर संध्याकाळी काकांना मार पडता पडता राहिला, आणि त्यांच्या बाजूने बोलायला मी एकटीच होते. झालं असं की पुढे चाललेल्या एका बाईंच्या साडीच्या काठाकडे ते टक लावून बघत होते. बघता बघता ते वाकले. वाकूनच चालू लागले. एका गजरेवालीच्या टोपलीला पाय लागला, तिने शिव्या घातल्या, तरी हे वाकलेलेच. शेवटी त्या बाईंना शंका आली आणि त्या गर्रकन वळल्या.

"ओ, लाज नाही वाटत या वयात?"

"बाई, तुमचा रिपीट चुकलाय," काका म्हणाले.

आता हे ऐकून कुठली बाई शांत होईल? आजूबाजूचे चारजण थांबले. एकाने बाह्या सरसावल्या. मी मध्ये पडून घाईघाईने सांगू लागले की हे साड्यांचे काठ काढणारे आर्टिस्ट आहेत, पूर्वी मिलच्या डिझायनिंग खात्यात होते, काठ म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापलेला असतो, त्या तुकड्याला रिपीट म्हणतात, आणि एका तुकड्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीला जुळला नाही तर यांना रात्री झोप लागत नाही. माझं बोलणं चालू असताना काकांनी त्या बाईंच्या काठाकडे बोट दाखवलं. "हा बघा, देठ कापलाय. फूल वर लटकतंय. कुणी मान मोडली त्याची?"

बाईंनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. फूल खरंच लटकत होतं. "आजच घेतली हो," असं म्हणत त्या तशाच दुकानाकडे परत फिरल्या. बाह्या सरसावलेला माणूसही त्यांच्याबरोबर गेला, कारण त्याला भांडण हवं होतं, ते कुणाशी का असेना. काका मात्र तिथेच उभे राहून म्हणाले, "रंग चांगला होता हां. सोड्याचा रंग."

काकांचे सगळे रंग खाण्याचे असत. सोड्याचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा गुलाबी, कोकमाच्या आगळाचा, तळलेल्या बांगड्याच्या कडेचा. गिरगावातल्या आमच्या स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर बसायचे आणि ते शेजारच्या टेबलावर कागदावर काढायचे. "हिरवा दे" म्हणाले की मी विचारायचे, कुठला? "कुठला म्हणजे? ओल्या काजूच्या सालीचा." मी लालबागच्या चाळीत वाढलेली मुलगी, ओला काजू वर्षातून एकदा बघायचे. पण हळूहळू मला कळायला लागलं, आणि मग दुपारी रंग भरताना भूकही लागायला लागली.

मालक त्यांना "आर्टिस्ट" म्हणत. मी काका म्हणायचे. ते मला "गो" म्हणत, म्हणजे काय गो, खय गो, इतकंच. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, अशी मला बरेच दिवस शंका होती.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. काका हात फिरवत नसत, कागद फिरवत. उजव्या हातातलं पेन जागच्या जागी एकच वळण काढत राही आणि डावा हात खालचा कागद सरकवत, वळवत नेई. पोळी लाटताना बाई पोळी फिरवते ना, अगदी तसं. बघता बघता पेनाखालून वेल बाहेर पडे. "हाताक एकच वळण येता," ते म्हणत. "बाकीची कागदान घ्यायची." मिलमध्ये सगळे असंच काढायचे म्हणे. सगळे म्हणजे कोण, ते सांगणारं आता त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मिलबद्दल ते भरभरून बोलत, संपाबद्दल एक वाक्य. "मग आम्ही घरी बसलो." ते काही मशीनवरचे कामगार नव्हते, पण गेट बंद झालं ते सगळ्यांनाच. मिल पुन्हा धड उभी राहिलीच नाही, आणि जी काय थोडीफार चालली तिला नव्या काठांची गरज नव्हती.

ते घरी बसलेले दिवस काय होते, ते मला काकूंनी सांगितलं. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची खोली. काकू मालवणी मसाला करून विकत. खोलीत पाय टाकला की आधी शिंक यायची आणि मग "ये गो" ऐकू यायचं. काकू म्हणाल्या, "हो माणूस घराक बसलो ना, तर माका घरात जागा नाय उरली. डब्यांर वेल, पाटार वेल, दाराच्या फळयेर वेल. पंख्याच्या पात्यांर पण काढल्यान. पंखो लावलो तर वेल दिसना नाय म्हणान भर मे महिन्यात पंखो बंद. मी म्हटलंय, मेल्या, वेल बघ नायतर माका जिती बघ."

पुढे त्यांना पाट्या रंगवायचं काम मिळालं, तर तिथेही हाताला चैन नाही. शेजारच्या चाळीच्या जिन्यात "येथे थुंकू नये" अशी पाटी त्यांनी रंगवली आणि तिला भोवतीने असा काही काठ काढला की लोक मुद्दाम थांबून बघू लागले. थांबले की थुंकू लागले. कमिटीने ती पाटी पुसायला लावली. तेव्हा काका काकूंना म्हणाले होते, "बसण्यासारखं वाईट काम नाही. सगळ्यात जास्त दमतो माणूस." हे सांगताना काकू हसल्या नाहीत.

आमच्या स्टुडिओत ते आले तेव्हा संपाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. मालक तसे भले माणूस, पण त्यांना वाईट बोलायला जमत नसे. नको ते सांगायची वेळ आली की ते वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचं गटार आणि एक वाळत घातलेली सतरंजी, याशिवाय काही नव्हतं. पण मालक तिकडे बघायला लागले की आम्ही समजायचो, काहीतरी वाईट येतंय.

एके दिवशी ते काकांना म्हणाले, "आर्टिस्ट, साडीवाल्या पार्टीला आता कागद नको. तुम्ही कागदावर काढणार, ही स्कॅन करणार, मग चार दिवस साफ करत बसणार, तेवढ्यात दुसरा स्टुडिओ काम उचलतो. डायरेक्ट कॉम्प्युटरवर काढायची पाटी मिळते. ती आपण घेऊ. तुम्हीच पसंत करा. दसऱ्यापर्यंत हात बसवा. नाहीतर मग…"

आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

काका टेबलावर आले, पेन पुसून ठेवलं आणि मला हळूच म्हणाले, "घराक बसूक माका जमूचा नाय गो. मी एकदा बसान बघितलंय."

अशी आमची पाटीची खरेदी सुरू झाली. पाटी हा त्यांचाच शब्द. दुकानदार टॅबलेट म्हणत. काकांना तो गोळीसारखा वाटे, म्हणून ते म्हणत नसत.

काकांना बाजारात मासे घेताना ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सगळं आपोआप कळेल. ते पहिल्या कोळणीकडे कधी घेत नसत. कल्ला वर करून बघणार, पोट दाबणार, वास घेणार, "कालचा काय?" विचारणार, कोळीण भडकली की हसत पुढे जाणार आणि पूर्ण बाजार फिरून पुन्हा पहिलीकडेच येणार. लॅमिंग्टन रोडवर त्यांनी नेमकं हेच सुरू केलं. पाटी हातात घेऊन उलटी केली, कडेने दाबली, नाकाशी नेली.

"ये कब का है?" त्यांनी काउंटरवरच्या मुलाला विचारलं.

"लेटेस्ट है, अंकल."

"लेटेस्ट म्हणजे आज का?"

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघू लागले.

मग त्यांनी खिशातून ट्रेसिंग पेपरचा तुकडा काढला, पाटीवर ठेवला आणि पेन चालवून कान लावला. नुसत्या प्लास्टिकवर पेन घसरायचं, आवाजच यायचा नाही. पेन कागदावर खरखरलं नाही तर आपण काढतोय हे हाताला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका दुकानात आवाज बरा आला. मला वाटलं सुटले. तेवढ्यात काकांनी दुसऱ्या खिशातून ब्लेड काढलं आणि त्या पेनचं टोक काढायला घेतलं. दुकानदाराने काउंटरवरून उडी मारली म्हटलं तरी चालेल.

"अंकल! क्या करता है! पाच हजार का पेन है!"

"बोथट है," काका शांतपणे म्हणाले. "इससे पाकळी नही निकलेगी."

त्या दुकानात आम्हाला पुन्हा जाता आलं नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला. "फिरता है क्या?"

"फिरेगा किधर, अंकल? पाटी है, चकरी थोडी है."

दसरा जवळ येत चालला होता. काकांनी बघून नाकारलेली दुकानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मी चिडले. रोज संध्याकाळी काम संपवून ग्रँट रोडपर्यंत चालत यायचं, यांच्यामुळे चार दुकानदारांची बोलणी खायची आणि रिकाम्या हाताने बसमध्ये बसायचं. "काका, आज घेतली नाहीत तर मी येणार नाही उद्यापासून," मी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी त्यांनी घेतली.

ती पाटी दुकानात दाखवायला ठेवलेली होती. वर्षभर गिऱ्हाइकांनी हाताळून हाताळून तिच्या पोटाखालचे चारही रबर निघून गेले होते. काउंटरच्या काचेवर काकांनी डाव्या हाताने जरा ढकलली आणि ती सुळ्ळकन गोल फिरली. काकांचा चेहरा काय फुलला! त्यांनी पुन्हा फिरवली. "बघ गो, बघ. फिरता." दुकानदाराला ती कशीतरी खपवायचीच होती, त्याने लगेच किंमत उतरवली. मीही इतकी दमले होते की नव्या पाट्या सोडून आपण झिजलेली पाटी घेतोय, याचं मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत काकांनी उदबत्ती लावली, पाटीला हळदकुंकू वाहिलं, ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि वेल काढायला घेतली. पहिलं वळण सुरेख आलं. मालकांनी मान हलवली. मग काकांनी सवयीने डाव्या हाताने पाटी वळवली, आणि वेल तोंड फिरवून भलत्याच दिशेला गेली.

त्यांनी पुसून पुन्हा काढलं. पुन्हा वेल आडवी गेली. आधी त्यांनी विजेला दोष दिला. मग स्क्रीनला. मग मला. "तू कायतरी दाबलंस." मी काही दाबलं नव्हतं. दोन दिवस असंच चाललं. वेली स्क्रीनवर अशा सैरावैरा पळत होत्या, जणू कुणीतरी त्यांच्यामागे लागलंय. एक तर काम करताना बघायचं वर आणि हात चालवायचा खाली, याचाच त्यांना राग. "पंगतीत आपल्या पानातलं जेवायचं आणि नजर शेजाऱ्याच्या पानात, हे काय जेवण आहे?"

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. खालची पाटी कशीही वळवली तरी वरच्या स्क्रीनला ते कळतच नव्हतं. पाटीची वरची कड हीच त्याच्या लेखी कायम वरची कड. ती उजवीकडे वळवली की काकांचा हात वर जाई आणि रेघ भलतीकडे. म्हणजे पाटी फिरवायचीच नव्हती. फिरते म्हणून घेतलेली पाटी फिरवायची नव्हती.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी पाटी दोन्ही हातांनी सरळ करून ठेवली.

"म्हणजे मी फिरायचं?"

आणि खरंच फिरले की हो. पाटी जागच्या जागी ठेवून ते स्वतः टेबलाभोवती फिरून काढू लागले. वरची पाकळी काढायला समोरून, बाजूचं पान काढायला खिडकीकडून. स्टुलावर एक गुडघा, मान खांद्यावर टाकलेली. एकदा मालक आत आले तेव्हा काका स्क्रीनकडे पाठ करून, दोन पायांमधून मागे बघायचा प्रयत्न करत होते. मालक आल्या पावली बाहेर गेले. संध्याकाळी काकांची मान धरली. दुसऱ्या दिवशी काका मानेला काकूंचा जुना स्कार्फ गुंडाळून आले. अंगाला बामाचा आणि मसाल्याचा मिळून असा काही वास येत होता की स्टुडिओतली झुरळं त्या दिवसापासून कमी झाली.

पण मला हसू येईना. दसरा आठवड्यावर आला होता. माझ्या घरी एक घरी बसलेला माणूस होता. माझे बाबा मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही, काही वर्षं वॉचमनकी केली, मग गुडघे गेले. तेव्हापासून ते चाळीच्या गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या प्रत्येकाला "कामाला काय?" असं विचारत. भाऊ शिकत होता, घर माझ्या पगारावर. काका बाबांच्या शेजारी गॅलरीत बसलेले मला दिसायला लागले.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही पाटी फिरवू नका, तुम्ही पण फिरू नका. स्क्रीनवरचं चित्र मी फिरवते. तुम्ही फक्त सांगा."

त्यांना आधी पटलं नाही. माझा कागद दुसऱ्याने फिरवायचा म्हणजे माझा घास दुसऱ्याने चावायचा, असं काहीतरी म्हणाले. पण मान इतकी दुखत होती की बसले. पाटी चुकूनसुद्धा फिरू नये म्हणून त्यांनी सुताराकडून तिच्या चारी बाजूंना टेबलात खिळे मारून घेतले. मालकांनी ते बघून कपाळाला हात लावला. मग सुरू झालं. "फिरव." मी कीबोर्डवर बोट दाबायचे. "अजून. बास. मागं घे. मागं म्हटलंय, गाढवा." पहिल्या दिवशी मी इतकी बोलणी खाल्ली की घरी जाऊन जेवले नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचं कोपर जरा उचललं गेलं की मला कळायला लागलं, आता पान वळणार. सांगायच्या आधीच मी चित्र वळवायचे. ते तोंडातल्या तोंडात "हूं" करायचे. त्यांच्या डाव्या हाताचं काम मी करत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता, अजूनही वाटतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काठ पार्टीला गेला. पार्टीला आवडला. मालकांनी पेढे आणले. पेढा हातात देता देता म्हणाले, "छान झालं. फक्त एका वेलीला दोन माणसं म्हणजे…"

आणि खिडकीबाहेर बघितलं. सतरंजी वाळत होती.

ते अर्धं वाक्य मग काही वर्षं आमच्या स्टुडिओत लटकत राहिलं. काम होतं तोवर मालकांनी ते पूर्ण केलं नाही. पण साडीचं काम हळूहळू सुरतेकडे सरकलं, लग्नपत्रिकांचे काठ करायचो तर त्या लोक मोबाइलवर पाठवू लागले, आणि एका सकाळी त्यांनी ते पूर्ण केलं. म्हणजे त्यांच्या परीने.

"आर्टिस्ट, आता म्हणे नव्या पाट्या आल्यात. त्यांच्यावरून चित्र आपलं आपल्यालाच फिरवता येतं. तुमची सोय होईल. हिला घेऊन जा, कॉम्प्युटरला चालेल ना ते ती बघेल. तुम्हाला पसंत पडेल ती घ्या. मग हिला… म्हणजे हिचं आपण…"

त्या दिवशी त्यांनी फार वेळ बाहेर बघितलं.

मला सगळं कळलं. मला माझी रजा स्वतः जाऊन पसंत करून आणायची होती. वाटेत मी काकांना काय बोलणार? त्यांचंही वय झालं होतं, डोळ्याला चष्मा जाड झाला होता, आणि मला रोज आठ तास "फिरव, फिरव" म्हणण्यापेक्षा स्वतःच्या हाताने फिरवता आलं तर त्यांचं सोनंच होतं. इतकी वर्षं ते दुकानादुकानात जे मागत होते तेच शेवटी कुणीतरी बनवलं होतं. मी मनाशी ठरवलं की तोंड वाकडं करायचं नाही. घरी आईला काय सांगायचं, याचा विचार मात्र ग्रँट रोडपर्यंत डोक्यातून गेला नाही.

दुकानातल्या मुलाने पाटी समोर ठेवली. काळीभोर, पातळ. डावीकडे एक गोल चकती होती. तिच्यावर बोट फिरवलं की स्क्रीनवरचं चित्र फिरायचं. काकांनी दाबून बघितलं नाही, वासही घेतला नाही. खुर्चीवर बसले, चष्मा वर केला, पेन उचललं आणि डावं बोट चकतीवर ठेवलं.

मी त्यांना कागदावर काढताना बघितलं होतं ते पुन्हा बघितलं. उजवा हात जागेवर, डावा हलका हलका वळतोय, आणि पेनाखालून वेल येतेय. पान, कळी, पुन्हा पान, मग एक मोठं फूल मान वळवून मागे बघणारं. मध्ये थांबणं नाही, "फिरव" नाही, "मागं घे" नाही. दुकानातली पोरं गोळा झाली. एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर फोटो काढला. काका हसत होते. दात घालायला विसरले होते, पण हसत होते. मला फार आनंद झाला आणि त्याच वेळी माझी नोकरी संपली हेही दिसलं. मी काउंटरला धरून उभी राहिले.

"एकदम मख्खन, अंकल!" मुलगा म्हणाला. "पॅक करू?"

काकांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "पहले चित्र ये फिराती थी. अब इसको काम क्या?"

"कुछ नहीं, अंकल. वही तो फायदा है. एक आदमी कम."

काकांनी पाटी उचलली. उलटी केली. सुलटी केली. खिडकीच्या उजेडात धरली.

"काळी है," ते म्हणाले.

"सब काली ही आती है, अंकल."

"म्हणूनच नको."

आणि उठले. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "काका, चांगली होती हो. इतकी छान वेल आली."

"होती ना चांगली," ते म्हणाले. "फार चांगली होती."

"मग?"

"मग काय? मालकांशी मी बोलतो. तू मध्ये तोंड घालू नकोस."

स्टुडिओत शिरताच त्यांनी मालकांना सांगितलं, "एक धड नाही. त्या चकतीवर माझं बोट बसत नाही. वयच झालं माझं. मला आपलं दोन माणसांशिवाय जमायचं नाही. काठ हवे असतील तर आहे हे असं आहे." इतकं लांबलचक खोटं त्यांना मी त्याआधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्यातलं वय झाल्याचं वाक्य त्यांना फार जड गेलं असणार, कारण वय झालं असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. मालकांनी आळीपाळीने आमच्याकडे बघितलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "तुमच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही, आर्टिस्ट. करा आपलं जुन्यावरच."

काका टेबलाशी बसले. ट्रेसिंग पेपर बदलला, बाह्या वर घेतल्या, सकाळी अर्धी राहिलेली वेल मी उघडून दिली. ते काढू लागले. कोपर उचललं. मी चित्र वळवलं.

पेन थांबलं.

"उलटं वळवलंस," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "आधी डोळे पूस गो. मग फिरव."